दारूकामातील नावे आणि पदार्थाची प्रत : सीमाभागातील परिभाषेचा एक विचार

शोभेच्या दारूच्या कामात पदार्थाच्या नावाला दोन जबाबदाऱ्या पार पाडाव्या लागतात. पदार्थ कोणता, हे त्याने सांगावयाचे असते. आणि तो कोणत्या प्रतीचा, हेही त्यानेच सांगावयाचे असते. पहिली जबाबदारी बहुधा नामाकडे असते, दुसरी विशेषणाकडे. पिढीजात कारागिराने विशेषण गाळले तरी त्याचे फारसे अडत नाही. रंग, वास, स्पर्श व स्फटिकाचा आकार यांवरून तो प्रत ओळखतो. नवशिक्याजवळ मात्र नावाखेरीज दुसरे साधन नसते. म्हणून ज्या ठिकाणी नावातील विशेषण गळते, तेथे नवशिक्याच्या सुरक्षिततेला पहिला धोका पोहोचतो. हा धोका रसायनशास्त्राचा आहे, तसाच तो शब्दार्थशास्त्राचाही आहे. या दुसऱ्या बाजूचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दारू तयार करण्याची कृती सांगणे हा येथे हेतू नाही. भारतात परवान्याशिवाय ती तयार करणे १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि हौस हा त्याला अपवाद नाही.

या विचाराला देगलूरचा परिसर विशेष सोयीचा आहे. नांदेड जिल्ह्यातील हा तालुका तेलंगण व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमांना लागून आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो हैदराबाद संस्थानाच्या व नंतर हैदराबाद राज्याच्या प्रदेशात होता. गावाच्या नावातील ‘ऊर’ हा अंत्यावयव द्राविडी भाषांतील ग्रामवाचक शब्द आहे. पूर्वपदाचा अन्वय ‘देगुल’ म्हणजे देऊळ या कन्नड शब्दाशी लावता येतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या चार भाषांचा संपर्क येथे शतकानुशतके आहे. अशा बाजारपेठेत वस्तू एका भाषेतून दुसऱ्या भाषेच्या ग्राहकाकडे जाते, तेव्हा तिच्या नावाचा कोणता अंश टिकतो आणि कोणता मागे राहतो, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

१. ‘दारू’ आणि औषध

‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ औषध असा आहे. मराठीत तो मद्य आणि स्फोटक चूर्ण या दोन्ही अर्थांनी रूढ झाला व औषध हा अर्थ मागे पडला. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. ‘दारूगोळा’, ‘दारूखाना’, ‘दारूकाम’ या समासांत दुसरा अर्थ निश्चित होतो. सुट्या ‘दारू’ शब्दात तो संदर्भावर अवलंबून राहतो. ‘शोभेची दारू’ ही संज्ञा या संदिग्धतेतूनच घडली असावी.

लक्षणीय गोष्ट अशी की हीच अर्थसंगती शेजारच्या भाषांतही आढळते, आणि ती उसनवारीने आलेली नाही. तेलुगूत ‘मंदु’ म्हणजे औषध. मद्य व स्फोटक चूर्ण यांनाही तोच शब्द. कन्नडमध्ये ‘मद्दु’ हा औषधवाचक शब्द बंदुकीच्या दारूलाही लावतात. तमिळमधील ‘मरुंदु’ औषधवाचक आहे आणि ‘वेडिमरुंदु’ म्हणजे स्फोटाचे औषध, अर्थात दारू. चिनी भाषेतील ‘हुओ-याओ’ या नावाचा शब्दशः अर्थ ‘अग्नि-औषध’ असाच आहे. चूर्ण करणे, खलणे, मात्रा ठरवणे, पुडीत बांधणे या क्रिया वैद्यक व दारूकाम या दोहोंना समान आहेत. चीनमध्ये तर दारूचा शोधच औषधी व रसविद्येच्या प्रयोगांतून लागला.

परंतु या नामसंगतीतून नवशिक्याच्या मनात एक चुकीचे अनुमान शिरते. आजच्या शेतकरी बोलीत पिकावर फवारावयाच्या विषालाही ‘औषध’ म्हणतात, तेलुगूतही त्याला ‘मंदु’च म्हणतात. म्हणजे ज्या वर्गनामाखाली रोग बरा करणारे चूर्ण येते, त्याखालीच कीटकनाशक, मद्य आणि स्फोटक येतात. हे नाव पदार्थाचा उपयोग सांगते, त्याचे घटक सांगत नाही. बाजारातील नाव उपयोगावरून पडले आहे की द्रव्यावरून, हे विचारणे ही दारूकामाच्या अभ्यासाची पहिली पायरी होय.

२. जुनी परंपरा व तिची नावे

भारतातील शोभेच्या दारूच्या इतिहासाचे मोठे संकलन पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. इ. स. १४०० ते १९०० या पाच शतकांचा आढावा त्यांनी घेतला. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव (राज्यकाल १४९७ ते १५४०) याच्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथातील दारूकामाचे प्रयोगही त्यांनी पुढे आणले. त्यात कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, पुष्पवर्ती अशी नावे आहेत. मराठवाड्याशी निकटचा पुरावा म्हणजे पैठणच्या एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (१५७१). त्यातील विवाहवर्णनात आतषबाजीचे प्रकार येतात. पुढे पेशव्यांच्या बखरीत कोट्याच्या दिवाळीतील ‘दारूच्या लंके’चे वर्णन महादजी शिंद्यांच्या तोंडी आले आहे.

‘कौतुकचिंतामणि’तील एक शब्द येथे महत्त्वाचा आहे. सोऱ्यासाठी तेथे ‘यवक्षार’ हा शब्द योजला आहे. आयुर्वेदातील यवक्षार मात्र जवाच्या राखेपासून काढलेला क्षार असून त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. ते ज्वलनाला प्राणवायू पुरवीत नाही, सोरा पुरवतो. नवा पदार्थ परंपरेत आला, तेव्हा त्याला जुन्या पदार्थाचे प्रतिष्ठित नाव मिळाले. अरबी ‘बारूद’ या शब्दाचा प्रवासही असाच उद्बोधक आहे. तो आरंभी सोऱ्याचा वाचक होता. पुढे सोरा ज्यात मुख्य घटक आहे त्या मिश्रणाला तो लागू झाला. घटकाचे नाव मिश्रणाला लागले, की जुना मजकूर वाचणारा घटकाच्या जागी मिश्रण किंवा मिश्रणाच्या जागी घटक समजण्याची शक्यता निर्माण होते. पोथीतील वा जुन्या छापील पुस्तकातील दारूची कृती जशीच्या तशी वाचणे का धोक्याचे, याचे हे एक कारण आहे.

३. विशेषणांत साठलेले ज्ञान

सोरा, गंधक आणि कोळसा या तीन द्रव्यांच्या मराठी नावांना जी विशेषणे लागतात, ती प्रत सांगणारी आहेत.

‘कलमी सोरा’ या नावातील ‘कलमी’ हे विशेषण फारसी-अरबी ‘कलम’ म्हणजे बोरू, लेखणी यावरून आले आहे. लेखणीसारख्या लांब स्फटिकांचा सोरा असा त्याचा अर्थ. हे वर्णन शुद्धतेचे गमक आहे. पोटॅशियम नायट्रेट १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला सुमारे १३ ग्रॅम विरघळते, तर उकळत्या पाण्यात सुमारे २४५ ग्रॅम. साध्या मिठाच्या बाबतीत हा फरक ३६ ते ३९ ग्रॅम इतकाच असतो. म्हणून गरम द्रावण निवले की सोऱ्याचे लांब स्फटिक बाहेर पडतात व मीठ बव्हंशी पाण्यात राहते. लोणा लागलेल्या मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात मीठ आणि चुना-मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांतील काही क्षार हवेतील ओल ओढून घेतात, आणि असा सोरा पावसाळ्यात सादळतो. मराठी वक्त्याला मात्र ‘कलमी’ म्हटले की कलमी आंबा आठवतो. ‘कलम केलेला, म्हणून चांगला’ असा अर्थ तो लावतो. प्रतीची सूचना शिल्लक राहते. प्रत कशावरून ओळखावी, हे ज्ञान लोपते.

कन्नड व तेलुगूत सोऱ्याला ‘पेट्लुप्पु’ हे नाव आहे. त्यातील ‘उप्पु’ म्हणजे मीठ आणि पूर्वपद स्फोटवाचक आहे. येथे विशेषण गळले तर उरते ते केवळ ‘मीठ’. मध्ययुगीन फारसीतही सोऱ्याला ‘चिनी मीठ’ म्हणत. भाषांतर करणाऱ्याने पूर्वपदाकडे दुर्लक्ष केले, तर खाण्याचे मीठ आणि दारूचा सोरा एकाच शब्दाखाली येतात.

गंधकाच्या बाबतीत ‘आवळासार’ हे विशेषण आवळ्यासारख्या पारदर्शक पिवळसर, चोख गंधकासाठी रूढ आहे. ‘गंधकाची फुले’ हे नाव त्याहून मोहक आहे. ती गंधकाची वाफ थंड करून मिळतात, अतिशय बारीक असतात, आणि त्यांत आम्लाचा अंश राहू शकतो. दिसण्यात अधिक स्वच्छ असलेली ही प्रत काही क्षारांच्या सान्निध्यात अधिक घातक ठरते. वैद्यकातील ‘शुद्ध गंधक’ ही आणखी निराळी गोष्ट होय. गंधक तुपात वितळवून दुधात ओतणे हा त्याचा शोधनविधी आहे. तेथे ‘शुद्ध’ म्हणजे सेवनास योग्य. रसायनशास्त्रातील ‘शुद्ध’ म्हणजे अन्य द्रव्यांपासून मुक्त. एकच शब्द दोन शास्त्रांत दोन प्रती सांगतो.

कोळशाला ‘लोणारी’ आणि ‘दगडी’ ही दोन विशेषणे आहेत. लाकडाचा कोळसा पाडणाऱ्या लोणारी समाजावरून पहिले नाव आले. दारूत उपयोगी पडतो तो लाकडाचा कोळसा. खाणीतील दगडी कोळसा त्याच्या जागी चालत नाही. लाकडी कोळशातही लाकडाप्रमाणे फरक पडतो. नांदेड-लातूरकडे मुबलक मिळणाऱ्या तुरीच्या तुराट्यांचा हलका कोळसा जुन्या काळी भारतात दारूसाठी वापरीत.

प्रतीचा आणखी एक घटक म्हणजे कणाचा आकार. त्याचे शब्द मराठीने स्वयंपाकघरातून व वैद्याच्या खलातून घेतले : भरड, रवा, पीठ, भुकटी, वस्त्रगाळ. लोखंडाचा ‘कीस’ भुईनळ्यात सोनेरी ठिणग्या देतो. तोच गंजला की ठिणगी मंदावते. धातूच्या बाबतीत कीस आणि वस्त्रगाळ पूड यांमधील अंतर बारीकपणाचे तर असतेच, पण ते स्वभावाचेही असते. द्रव्य जितके बारीक, तितका त्याचा हवेशी संपर्क अधिक आणि पेट घेण्याची त्वरा अधिक. ‘पूड’ हे सर्वसमावेशक नाव हा फरक पुसून टाकते.

४. ‘पोटॅश’ : एका नावाखाली अनेक पदार्थ

विशेषण गळण्याचा सर्वांत गंभीर प्रकार आधुनिक शब्दात दिसतो. ‘पोटॅश’ हा शब्द आज खेड्यापाड्यांत परिचित आहे. नत्र, स्फुरद व पालाश या त्रयीतील पालाश पुरवणारे ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते ज्वलनाला साहाय्य करीत नाही. विहिरीच्या पाण्यात टाकावयाचे जांभळे ‘पोटॅश’ म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. ते तीव्र प्राणवायुदायी आहे. तुरटीलाही रसायनाच्या पुस्तकात ‘पोटॅश ॲलम’ म्हणतात. आणि फटाक्यांच्या संदर्भात ‘पोटॅश’ म्हटले की बहुधा पोटॅशियम क्लोरेट अभिप्रेत असते. या चार पदार्थांत एक खत, एक जंतुनाशक, एक पाणी निवळणारा आणि एक अत्यंत संवेदनशील मिश्रणे करणारा. नाव मात्र एकच.

क्लोराइड, क्लोरेट आणि परक्लोरेट या पारिभाषिक नावांत फरक एकेका प्रत्ययाचा वा उपसर्गाचा आहे. मराठी वाचकाला हे अवयव अर्थवाही वाटत नाहीत. उच्चारात ते सहज झिजतात. ही पद्धती १७८७ मध्ये फ्रान्समध्ये गीतों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले व फूरक्रुआ यांनी मांडली. पदार्थाचे नाव त्याच्या घटनेवरून पडावे, हे तिचे सूत्र होते. पुढच्याच वर्षी त्या चौघांपैकी बेर्तोले यांच्यावर एक भयंकर अनुभव ओढवला. त्यांनी अभ्यासिलेले पोटॅशियम क्लोरेट सोऱ्याच्या जागी वापरून अधिक प्रभावी दारू बनवावी, असा प्रयत्न एसोन येथील कारखान्यात १७८८ मध्ये झाला. मिश्रणाचा स्फोट होऊन दोन माणसे दगावली. लाव्हाझिए व बेर्तोले थोडक्यात बचावले. कृतीत एका प्राणवायुदायी क्षाराची जागा दुसऱ्याने घेतली; परंतु कृतीतील स्थान एक असले म्हणून वर्तन एक नसते. घर्षण व आघात यांना क्लोरेटयुक्त मिश्रण सोऱ्याच्या मिश्रणाहून कितीतरी अधिक संवेदनशील असते. त्यात गंधक असल्यास, आणि विशेषतः गंधकात आम्लाचा अंश असल्यास, ते बाह्य कारण न दिसताही पेट घेऊ शकते. म्हणूनच ब्रिटनने १८९४ मध्ये आणि भारत सरकारने १९९२ मध्ये गंधक व क्लोरेट यांच्या मिश्रणावर बंदी घातली.

या उदाहरणाचा भाषिक निष्कर्ष स्पष्ट आहे. ‘पोटॅश’ आणि ‘गंधक’ ही दोन्ही नावे परिचित, घरगुती व निरुपद्रवी वाटतात. परिचित नावामुळे भीती कमी होते. भीती कमी झाली की चौकशी कमी होते.

५. क्रियापदे व वाक्प्रचार

नामांप्रमाणे क्रियापदेही सवयी वाहून नेतात. कुटणे, खलणे, घोटणे, ठासणे ही क्रियापदे स्वयंपाक व वैद्यक यांतून दारूकामात आली. वैद्यकात जितके खलावे तितके औषध गुणकारी, असा समज आहे. दारूकामात खलणे म्हणजे घर्षण, कुटणे म्हणजे आघात, ठासणे म्हणजे दाब. हीच तर पेट घेण्याची कारणे होत. ‘वाळवणे’ हे क्रियापद असेच फसवे आहे. सादळलेले पापड उन्हात घालावेत, तसे सादळलेले फटाके उन्हात किंवा चुलीजवळ घालण्याची प्रवृत्ती या समान क्रियापदातून बळावते. ओल्या फटाक्यातील मिश्रण वाळल्यावर पूर्ववत होईल, याची खात्री नसते. घटक वेगळे होऊन त्याचे वर्तन बदललेले असू शकते.

‘फुसका बार’ हा वाक्प्रचार तर प्रत्यक्ष अनुभवाच्या विरुद्ध शिकवण देतो. भाषेत फुसका म्हणजे पोकळ, निरुपद्रवी; व्यवहारात वात विझल्यासारखी दिसणारा फटाका हा जवळ जाणाऱ्याला सर्वांत धोकादायक. वातीतील निखारा दिसत नसला तरी आत सरकत असतो. न उडालेल्या फटाक्यावर वाकून पाहू नये, तो पुन्हा पेटवू नये, बराच वेळ दूर राहून मग त्यावर पाणी ओतावे, ही सूचना दर दिवाळीस दिली जाते. ती वारंवार द्यावी लागते याचे एक कारण भाषेनेच त्या वस्तूला आधी ‘फुसका’ ठरवून टाकले आहे, हे असू शकेल.

शेजारच्या भाषांतील वस्तुनामे याहून सौम्य आहेत. तेलुगूत फुलबाजीला ‘काकरपुव्वोत्ति’ म्हणजे कारल्याच्या फुलाची वात म्हणतात. कन्नडमध्ये ‘सुरुसुरुबत्ति’ हे ध्वन्यनुकारी नाव आहे. मराठी ‘फुलबाजी’, ‘लवंगी’, ‘भुईनळा’ यांतही फूल, मसाला व नळी दिसतात, अग्नी दिसत नाही. अपवाद तेलुगू ‘चिच्चुबुड्डी’चा, त्यातील ‘चिच्चु’ म्हणजे आग. मुलाच्या हाती द्यावयाची वस्तू फुलाच्या नावाने ओळखली जाते, तेव्हा तिची तार जळताना व विझल्यावरही हात भाजण्याइतकी तप्त असते, हे नावाबाहेर राहते.

६. ‘हरित’ हे नवे विशेषण

प्रतदर्शक विशेषणांच्या परंपरेत अलीकडे एक भर पडली. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयात बेरियमचे क्षार असलेल्या फटाक्यांना व माळांना बंदी करून कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांना वाट दिली. अशा फटाक्यांची सूत्रे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, विकसित केली, त्यांना ‘हरित फटाके’ हे नाव मिळाले. स्फोटकांच्या परवान्यांची देशातील मध्यवर्ती यंत्रणाही नागपुरातच आहे.

येथे शब्दाची एक गंमत आहे, आणि ती निष्फळ नाही. दारूकामात हिरवा रंग देणारे द्रव्य म्हणजे बेरियम; आणि ‘हरित’ फटाक्यात नेमके तेच निषिद्ध. जो नवशिका ‘हरित’चा अर्थ रंगावरून लावील, तो उलट दिशेला जाईल. शिवाय ‘हरित’ हे विशेषण प्रदूषणाविषयी आहे, दाह व स्फोट यांविषयी नाही. हरित फटाका धूलिकण सुमारे तीस टक्क्यांनी कमी सोडतो. तो हातात घेऊन उडवण्याजोगा होत नाही. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना, उत्पादनाचे वर्ष व ‘हरित’ चिन्ह आहे काय, हे पाहणे म्हणजे लोपलेले विशेषण पुन्हा वाचणे होय. वेष्टनाविना सुटी मिळणारी दारू ही विशेषणाविना नाम आहे. तिच्या प्रतीविषयी विक्रेत्याच्या शब्दापलीकडे काहीही हाती लागत नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून परिभाषाकाराचे काही कर्तव्य निष्पन्न होते. दारूकामातील संज्ञेची नोंद करताना केवळ पर्यायी शब्द देऊन भागत नाही. संज्ञा उपयोगवाचक आहे की द्रव्यवाचक, तिच्या विशेषणातून कोणती प्रत सूचित होते, त्याच नावाखाली दुसरे कोणते पदार्थ येतात, आणि शेजारच्या भाषेत जाताना तिचा कोणता अंश गळतो, ही चार अंगे नोंदीत आली पाहिजेत. देगलूरसारख्या सीमावर्ती भागात त्यांतील चौथे अंग विशेष महत्त्वाचे आहे. तेथे एका भाषेत बोललेले नाव दुसऱ्या भाषेत ऐकले जाते.

पदव्युत्तर अभ्यासकाला या क्षेत्रात पुष्कळ काम करता येण्यासारखे आहे. सोरा काढणारे व दारू भरणारे जुने कारागीर कमी होत आहेत, आणि त्यांच्यासवे ‘कलमी’, ‘आवळासार’, ‘लोणारी’ यांसारख्या विशेषणांचे मूळ अर्थही जात आहेत. त्यांची नोंद करणे हे लोकभाषेच्या अभ्यासाचे काम आहेच. पण ज्या घरात दिवाळीच्या दिवशी एखादा मुलगा ‘पोटॅश’ नावाच्या पुडीबद्दल विचारतो, त्या घराला ‘कोणता पोटॅश?’ हा उलट प्रश्न करता यावा, एवढे तरी त्या नोंदीतून साधले पाहिजे.